तंत्रज्ञान हस्तांतरण

मंत्र्यांनी चांदीच्या ताटातला पेन ड्राइव्ह उचलून कारखानदार चौगुल्यांच्या हातात ठेवला, तेव्हा उकिडवेबाईंचे हात टाळ्यांसाठी उठलेच नाहीत. ओतीव लोखंडाला भेग कुठे पडणार, हे आधीच सांगणारा प्रोग्राम त्यांनी सरकारी प्रयोगशाळेत अकरा वर्षं खपून लिहिला होता. तो उद्योगांना द्यायची मंजुरी अजून आली नव्हती. मंत्र्यांची तारीख मात्र मिळाली होती. म्हणून संचालकांनी ताटात कोरा पेन ड्राइव्ह ठेवायला लावला होता.

तीन महिन्यांनी मंजुरी आली. त्याच दिवशी पेपरात बातमी होती : 'सरकारी प्रोग्राममुळे भेगा निम्म्यावर, चौगुल्यांच्या कारखान्याला पुरस्कार.'

बाईंनी फोन लावला. "चौगुलेसाहेब, तुम्हाला दिलेला पेन ड्राइव्ह कोरा होता हो. खरा प्रोग्राम घेऊन मी उद्याच कोल्हापूरला येते."

"कशाला त्रास घेताय मॅडम? कोरा होता ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आता खरा चालवला आणि त्यानं भेगा दाखवल्या, तर या पुरस्काराचं काय करू?"

दुसऱ्या दिवशी बाई कोल्हापूरला गेल्याच. चौगुल्यांच्या समोरच्या कारखान्यात.