अर्ध्या मिनिटाचं मौन

नोटिशीला उत्तर द्यायला नऊ दिवस उरले होते आणि प्रज्योत फोनवर बोलता बोलता वाळत घातलेल्या जवळ्यावरून चालत गेला.

"डोळं घरी ठेवलंस काय रं?" सुकत घातलेली मासळी राखत बसलेल्या कोळीण सखुबाई ओरडल्या. "त्यो जवळा हाय, गालिचा न्हाय."

तो बाजूला झाला आणि तिथे येरझाऱ्या घालू लागला. थळच्या किनाऱ्याला आता त्याची सवय झाली होती.

त्याने मोबाइलवरचा एक खेळ बनवला होता. होड्यांचा. तुमची होडी समोरच्याने पकडली तरी बुडत नाही. भरती आली की ती परत येते आणि येताना समोरच्याची एक होडी ओढून आणते. डाव हरलात तर केसांच्या तेलाची जाहिरात, मग नवा डाव. दोन वर्षांत अमेरिकेतही लोक खेळू लागले आणि तिथेच घोटाळा झाला. तिकडच्या एका बड्या कंपनीने कळवलं, की पकडलेला मोहरा शत्रूचा मोहरा घेऊन परतणं, या नियमाचं पेटंट दहा वर्षांपासून आमच्याकडे आहे. खेळ बंद करा.

फोनवर अलिबागच्या वकील जागृती म्हात्रे होत्या. "आपल्याकडे खेळाच्या नियमाला पेटंट मिळत नाही. तिकडे मिळतं."

"नियम कोणाच्या मालकीचा कसा असेल, मॅडम? उद्या कोणी भरतीवर हक्क सांगेल."

"सांगेलही. तू भांडू नकोस, पुरावा आण. हाच नियम त्यांच्या आधी कुठेतरी खेळला जात होता, एवढं दाखव."

पुढचे सहा दिवस प्रज्योत धड जेवला नाही. जुन्या खेळांवरची पुस्तकं चाळून झाली, रेवदंड्याचे दोन म्हातारे चाळून झाले. दोघांनीही विटीदांडू सांगितला.

सातव्या दिवशी दुपारी तो जवळ्याला वळसा घालून जात होता, तेव्हा सखुबाई आणि त्यांची शेजारीण नलू वाळूवर शिंपले मांडून बसल्या होत्या. नलूने सखुबाईंचा शिंपला उचलून आपल्याकडे ठेवला. थोड्या वेळाने सखुबाई "भरती!" म्हणून ओरडल्या. त्यांचा शिंपला परत आला आणि येताना नलूचा एक घेऊन आला.

प्रज्योत जागीच थांबला. आधी त्याला आनंद झाला, मग जरा वाईट वाटलं. हा नियम आपल्याच डोक्यातून निघाला, असं तो समजत होता. लहानपणी इथेच कुठेतरी पाहिला असणार.

"आजी, हा खेळ किती जुना?"

नोटीस सगळ्या गावाला पाठ होती. सखुबाईंनी विचारलं, "कोर्टाला किती जुना पायजे?"

"दहा वर्षांच्या आधीचा."

"मंग माझ्या सासूचा हाय. व्हय ना गं नलू?"

"सासूच्या सासूचा," नलू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जागृतीबाई कॅमेरा घेऊन आल्या. शिंपला उचलण्याआधी सखुबाई त्यावर दोनदा बोट टेकवत. 'नमस्कार', असं जागृतीबाईंनी टिपून घेतलं. मग नलू हरली आणि दोघी एकदम हात मांडीवर ठेवून पाण्याकडे बघत गप्प बसल्या. अर्ध्या मिनिटाने पुन्हा शिंपले मांडू लागल्या.

"हे काय होतं?" जागृतीबाईंनी हळूच विचारलं.

"कोन हरलं की असंच बसायचं. रीत हाय."

जागृतीबाईंनी पेन खाली ठेवलं. "दर्यात गेलेल्या माणसांसाठी?"

सखुबाई शिंपले मांडत राहिल्या. प्रतिज्ञापत्रात मौनाला एक अख्खं पान मिळालं. सखुबाईंनी त्यावर ठसठशीत सही केली.

दोन महिन्यांनी कंपनीने माघार घेतली. पत्रात त्यांनी कोळी समाजाच्या त्या मौनाबद्दल आदरही व्यक्त केला होता. प्रज्योत पेढे घेऊन धावत किनाऱ्यावर गेला आणि पुन्हा जवळ्यावरून गेला. या वेळी सखुबाई रागावल्या नाहीत.

त्यांनी पेढा खाल्ला, हात पदराला पुसले आणि कमरेला खोचलेला सुनेचा मोबाइल काढला.

"आता येक काम कर बाबा. ती तेलाची जाहिरात काढून टाक. शिंपल्यांवर खेळताना पन तेवढा वेळ गप बसायची सवय लागलीय आमाला."