बुडवलेली झाडं

अर्धांगवायूनं लॉइडचे पाय गेले, वाचाही गेली आणि सगळे मित्र हळूहळू पांगले. टिकला तो एकटा वेंडेल. वसंतात क्रॅपी मासे काठाकडे सरकू लागले, तसा तो रोज सकाळी लॉइडला उचलून नावेत बसवायचा आणि धरणाच्या पाण्यात दुपारपर्यंत फिरवून आणायचा. "देवमाणूस आहे," लॉइडची बायको मर्ना शेजारणींना सांगायची.

लॉइडलाही तसंच वाटायचं. तीस वर्षं, दर नाताळनंतर, लोकांनी टाकून दिलेली नाताळची झाडं त्यानं दगड बांधून धरणाच्या एका कोपऱ्यात बुडवली होती. मासे त्या फांद्यांत गोळा व्हायचे. ती जागा त्यानं मर्नालासुद्धा सांगितली नव्हती.

अकराव्या दिवशी नाव त्या कोपऱ्यात शिरली आणि लॉइडच्या वाकड्या तोंडावर हसू फुटलं. तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं, की वेंडेलचा गळ पाण्यात असला तरी डोळे अकराही दिवस आपल्याच चेहऱ्यावर होते.

"इथं होय रे, लबाडा!" वेंडेल म्हणाला. नावेतल्या जागा नोंदवणाऱ्या यंत्रावर त्यानं त्या कोपऱ्याची खूण केली आणि नाव घराकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी लॉइड टोपी घालून व्हरांड्यात बसून राहिला. वेंडेलची नाव समोरून गेली. तिच्यात दुसरेच दोघे होते. संध्याकाळी माशांची पिशवी तेवढी घरी आली. मर्नानं मासे तळले, काटे काढले आणि घास त्याच्या तोंडाशी नेला. लॉइडनं दात घट्ट आवळून धरले.

"असं करू नये रे," ती म्हणाली, "किती आठवणीनं पाठवलेत त्यानं!"