मोठ्या डॉक्टरांची जुनी वाट

रुग्णालयाचे संगणक ती सांभाळायची. त्यांची राखण करणाऱ्या एकाच फायरवॉलवर तिने घरून आत यायच्या दोन वाटा ठेवल्या होत्या. मोबाईलवर कोड मागणारं नवं व्हीपीएन सगळ्यांसाठी, आणि नुसत्या पासवर्डवर उघडणारं जुनं, एकट्या मोठ्या डॉक्टरांसाठी. "पोरी, या वयात मला कोडबिड शिकवतेस होय? राहू दे की जुनंच!" ते म्हणाले होते, आणि तिचं मन विरघळलं होतं.

आज भरदुपारी डॉक्टर तिच्यासमोर चहा फुंकत बसले होते, आणि पडद्यावर त्यांच्याच नावाने जुन्या वाटेवरून आत शिरलेलं कुणीतरी रुग्णांच्या फायली पुसत होतं. पहाटेच्या चांदण्यांसारख्या त्या एकेक करून विझत होत्या. तिने झटकन जुनं व्हीपीएन बंद करायचं बटण दाबलं.

 

पडद्यावर उत्तर उमटलं, "फायरवॉलचा प्रशासक बदलला आहे. हे बंद करण्याचा अधिकार आता तुमच्याकडे नाही."