आवाज न करणारं जॅकेट

"भैया, मैडम को कौन सा साइज़ लगेगा?" दुकानदाराने विहंगला विचारलं.

"मैडम यहीं खड़ी है," हर्षिता म्हणाली. "मुझसे पूछिए."

दुकानदार ओशाळला. त्याने काउंटरवर दोन-तीन जॅकेटं मांडली आणि पुन्हा विहंगशीच बोलू लागला. बरोबर पुरुष असला की बाईशी बोलायचंच नाही, ही खोड काही एकट्या त्याची नव्हती.

विहंग हर्षिताच्या नणंदेचा मुलगा. बँकेत नोकरीला होता आणि मामीबरोबर पहाटे धावायचा. रविवारी दहा किलोमीटरची दौड होती. जानेवारीतला पाऊस चालूच होता, वारा थांबायचं नाव घेत नव्हता, आणि थंडीने ग्वाल्हेर गारठून गेलं होतं.

हर्षिताने पहिल्या जॅकेटची बाही मुठीत चुरगाळली, कानाजवळ नेली आणि जॅकेट बाजूला ठेवलं.

"ये वॉटरप्रूफ है, मैडम. एक बूंद अंदर नहीं आएगी."

"और पसीना बाहर नहीं जाएगा," हर्षिता म्हणाली आणि विहंगकडे वळली. "म्हणजे वरून कोरडी, आतून चिंब. शिवाय हे कुरकुरे खाल्ल्यासारखं वाजतं."

दुसऱ्याच्या कापडाला तोंड लावून तिने फुंकर मारली. फुंकर आरपार गेली. तेही बाद. तिसरं तिने अंगात घातलं, चेन हनुवटीपर्यंत ओढली आणि दुकानदाराला पंखा लावायला सांगितलं.

"इस ठंड में?"

"पूरा तेज़."

पंख्याखाली ती जागच्या जागी धावली. कापड फडफडलं नाही. मनगटाशी बाह्या घट्ट बसत होत्या. कानांवर येणारी टोपी बटणं काढून वेगळी करता येत होती, ती तिने लगेच काढून टाकली.

"मामी, हे पीलं छान आहे. नाहीतर हिरवं बघ, तेही बढिया आहे," विहंग म्हणाला.

"रंग तुला आवडेल तो घे."

दुकानदाराच्या मते बाई फारच चिकित्सक होती. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. गेल्या वर्षीच्या दौडीत असाच पाऊस होता आणि हर्षिताच्या अंगात साधा रेनकोट. त्याच्या टोपीची अशी फडफड झाली की 'डावीकडे!' असं विहंग ओरडला ते तिला ऐकूच आलं नाही. सगळे वळले. ती सरळ गेली, तिच्याबरोबर विहंगही, आणि दोघंही भाजीच्या हातगाडीवर आदळले. मेथीच्या जुड्या रस्ताभर झाल्या.

तिचे दीर दिग्विजयसिंह दौडीच्या समितीत होते. स्वतः धावायचेही जोरात. ते घरी येऊन म्हणाले, "वहिनी, रेनकोटला कशाला बोल लावता? नाचता येईना, अंगण वाकडं! यंदा हसू झालं ते झालं. पुढच्या वर्षी दौड पुरी केली नाहीत, तर मी पुन्हा नाव घालू देणार नाही."

बिचारीला ते फार लागलं होतं. पहाटेचं धावणं हीच एक गोष्ट तिची स्वतःची होती. तेवढा वेळ तिला कुणी जपून चाल म्हणत नसे, कुणी हळहळत नसे. ती गोष्टही गेली असती तर उरला असता फक्त स्वयंपाकघर आणि बैठकीमधला सोफा.

रविवारी थाटीपुरहून दौड सुटली तेव्हा अजून काळोखच होता. रस्त्यावरचे दिवे पावसात मिणमिणत होते. दिग्विजयसिंह पुढच्या घोळक्यात होते. हर्षिता आणि विहंग बरेच मागे राहिले.

वारा समोरून येत होता. जॅकेटने तो बाहेरच अडवला. अंग तापलं, पण घामाची चिकचिक नव्हती. आणि मुख्य म्हणजे जॅकेट मुकं होतं. विहंगची पावलं, त्याचा श्वास, पुढच्यांच्या बुटांची फचफच, सगळं तिला नीट ऐकू येत होतं.

हरिशंकरपुरमच्या अलीकडे वाऱ्याने कुठेतरी तार तोडली. एका क्षणात सगळा रस्ता काळाठिक्कर झाला. मागे माणसं ओरडली, ते वाऱ्याने मागच्या मागेच नेलं. पुढे जाणारे चाचपडत चालू लागले. काही तर जागीच उभे राहिले.

हर्षिता एकेकाला मागे टाकू लागली. सगळे इतक्यात दमले, असं वाटून तिला जोर चढला.

"मामी, हळू!" विहंग धापा टाकत म्हणाला.

"बोलू नकोस. श्वास सांभाळ."

रस्ता तिच्या पायाखालचा होता. महिनाभर रोज पहाटे तिने तो तुडवला होता. कोपऱ्यावरच्या नाल्याचं पाणी खळखळताना ऐकू आलं, तिथे ती डावीकडे वळली. विहंग मुकाट्याने बरोबर वळला. सरळ पुढे, भलतीकडेच, दिग्विजयसिंहांच्या हाका ऐकू येत होत्या, "अरे, इधर कोई है क्या?"

हर्षिताला हसू फुटलं. तिने वेग आणखी वाढवला.

शेवटच्या टप्प्यात लोकांच्या टाळ्या कानावर पडल्या आणि तिला रडू कोसळलं. दौड पुरी झाली होती. नुसती पुरी नाही, बायकांत ती पहिली आली होती, आणि कितीतरी पुरुष अजून यायचेच होते. तिने दोन्ही हात वर केले आणि लहान मुलीसारखी किंचाळली.

दिग्विजयसिंह बऱ्याच वेळाने आले. गुडघ्यांपर्यंत चिखल. उजाडलं होतं, पाऊसही थांबला होता. करंडक त्यांनाच द्यायचा होता. तो घेऊन ते वहिनीसमोर उभे राहिले.

"वहिनी, हरलो मी. पुढच्या वर्षी तुमचं नाव मी स्वतः घालीन. पण एक सांगा, लाइट गेली, आम्हाला आमचे हात दिसेनात, आणि तुम्ही त्या अंधारात धावलात तरी कशा?"

विहंगने आपल्या आणि मामीच्या मनगटाला बांधलेली ओली दोरी सोडली, तिचा हात धरून करंडकावर नेऊन ठेवला. हर्षिताने तो दोन्ही हातांनी चाचपला आणि दिरांचा आवाज आला त्या दिशेला चेहरा वळवून विचारलं, "लाइट गेली होती? कधी, भाऊजी?"