पोटदुखीची चिठ्ठी

खेळाच्या सरांनी हायस्कूलमध्ये चौतीस वर्षं शिट्टी वाजवली. मैदानावर न येण्याची तोंडी कारणं ते ऐकूनच घ्यायचे नाहीत, घरून चिठ्ठी आणायला लावायचे. आणि चिठ्ठीवर आईबापाची सही पोरांनीच ठोकली असेल, तर ते एका नजरेत ओळखायचे. मग खाली लाल पेनाने शेरा पडायचा, ‘सही खोटी. दोन फेऱ्या जास्त.’

निवृत्तीनंतर सरांच्याच गुडघ्याचं ऑपरेशन झालं. फिजिओथेरपीच्या बाई रोज त्यांना वॉकर धरून दवाखान्याच्या व्हरांड्यात चालवायच्या, आणि चार पावलांतच सरांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

"आज राहू द्या हो, पोटात दुखतंय," सर कळवळून म्हणाले.

"तोंडी कारण चालत नाही," बाई म्हणाल्या. "उद्या घरच्यांची चिठ्ठी दाखवा, मग बघू."

बायकोने चिठ्ठी द्यायला साफ नकार दिला. "लोकांच्या पोरांना चौतीस वर्षं पळवलंत, आता स्वतः चाला," म्हणत ती डबा धुवायला गेली. तेवढ्यात सरांनी गोळ्यांच्या कागदामागे चार ओळी खरडल्या आणि खाली बायकोची झोकदार सही ठोकून दिली.

बाईंनी चिठ्ठी शांतपणे वाचली. खिशातून लाल पेन काढून त्यावर काहीतरी लिहिलं, कागद सरांच्या हातात दिला आणि वॉकर पुढे सरकवला.

 

‘सही खोटी. दोन फेऱ्या जास्त.
– आठवी ब, हजेरी क्रमांक सतरा.’