कानातला कापूस

झेलिगने क्लॅरिनेट ओठांना लावलं, की फ्रेडल कानांत कापसाचे बोळे घालायची.

वधूची जाळीची ओढणी घेऊन ती विंगेत उभी असायची आणि रंगमंचाच्या पायथ्याशी, वादकांच्या खड्ड्यात बसलेल्या झेलिगला ती नेमकी दिसायची. तिसऱ्या अंकात लग्न होतं. लग्नाआधी वधूला खुर्चीत बसवून वादकांनी रडवायचं, हा ज्यूंचा रिवाजच. न्यूयॉर्कातल्या अख्ख्या सेकंड अव्हेन्यूवर, नाटकगृहांच्या त्या रस्त्यावर, झेलिगसारखं रडवणारा दुसरा नव्हता. गॅलरीतल्या बायकांचे रुमाल भिजायचे, आणि कपडेपटातली ही नवी शिंपीण कान बंद करून उभी. कलावंताला शिवी चालते, बंद कान चालत नाहीत.

शिवाय झेलिग एकटा होता. बायका रडून आपापल्या घरी जायच्या. हा भाड्याच्या खोलीत खारवलेला मासा आणि पाव खायचा. आपल्या ओळखीच्या एका तरी माणसानं आपलं वाजवणं ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं.

शेवटी त्यानं विचारलंच. "पोरी, इतकं वाईट वाजवतो का गं मी?"

"छे हो, काका. आई गेली माझी. आई-वडील गेले की वर्षभर गाणंबजावणं ऐकायचं नाही ना. पोटासाठी इथं उभं राहावं लागतं, म्हणून कापूस."

"तिकडेच, आपल्या जुन्या देशात गेली?"

"हो. शेवटपर्यंत टपालवाल्याच्या वाटेकडे डोळे. शिवताना एकच धून गुणगुणायची. पुरीमच्या सणाला वर्ष संपेल. मग ऐकेन तुमचं."

झेलिगचा तिच्यावर जीव जडला. तो तिच्यासाठी चहा आणू लागला. "तुमच्या कोटाला कुणी वालीच नाही वाटतं," असं चिडवत ती त्याची बटणं लावून देऊ लागली.

वर्ष संपलं. त्या संध्याकाळी झेलिगनं समोरचा कागद बाजूला सारला आणि आपली जुनी धून वाजवली. बँडमास्तरनं डोळे वटारले. फ्रेडल वधूला ओढणी द्यायचंच विसरली.

खेळ सुटल्यावर ती खाली आली. "ही धून कुणाची?"

"माझीच. माझ्या लग्नात बायकोला खुर्चीत बसवून वाजवली होती. नंतर कुठंच नाही. आज तुझ्यासाठी."

"आणि बायको?"

"राहिली तिकडेच. लग्नानंतर दोन महिन्यांतच मी इकडे आलो. बोटीचं तिकीट पाठवणार होतो." त्यानं क्लॅरिनेट पुसलं. "राहून गेलं."

फ्रेडलनं मान हलवली. त्याच्या कोटाचं एक बटण सुटलं होतं, ते तिनं शिवून दिलं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या अंकात झेलिगनं मोठ्या हौसेनं विंगेकडे पाहिलं. फ्रेडलच्या कानांत कापूस होता.

खेळ संपताच तो कपडेपटात गेला. "अगं, वर्ष तर संपलं ना? आता कुणाचं पाळतेस?"

"वडिलांचं," ती म्हणाली.