ओ

लातुरात क्लासजवळची खोली ठरली. घरमालकानं चावी पुढं केली आणि सहज विचारलं, "मुलीचं पूर्ण नाव काय?"

"पुनम हुसेन जाधव," पुनमनं सांगितलं.

चावी मागं गेली.

"आम्ही जाधवच हावोत, मालक," पुनमचे वडील घाईनं म्हणाले. "आईनं मोहरमच्या सवारीला नवस केलता, तवा मी झालो. म्हणून इमाम हुसेनसाहेबांचं नाव. भूकंपात घर अंगावर पडलं, तवा आई दगडामातीवर बसून ह्याच नावानं हाका मारत होती. म्या खालून ओ दिली, म्हणून सापडलो."

"असेल हो. पण ह्या गल्लीत ते नाव चालायचं नाही. दुसरं एखादं सांगा."

पुनमचे क्लास उद्यापासून होते. वडिलांनी एकदा तिच्याकडं पाहिलं.

"दयानंद म्हणा," ते म्हणाले.

तेवढ्यात खाली रिक्षात गादी धरून बसलेल्या आजीनं हाक मारली, "हुसेन! आरं हुसेन, किती येळ?"

पुनमनं वडिलांकडं पाहिलं. त्यांची नजर चावीवर होती.

आजी हाका मारतच राहिली. या खेपेला वरून ओ आली नाही.